सोळा किलोओहमचा मोह

हेवी मेटल वाजवणारा मुलगा गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, बदलायला निघाला की त्याच्या तोंडी सगळ्यात आधी एक आकडा येतो. "दादा, माझ्या गिटारमधला पिकअप आठ के आहे. सोळा के बसवला तर दुप्पट हेवी वाजेल ना?" प्रश्न रास्त आहे. विकणाऱ्यापासून वापरणाऱ्यापर्यंत सगळे याच किलोओहमच्या आकड्याबद्दल बोलतात. पण त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे नीट समजलं तर पैसे वाचतात आणि वाजवणंही सुधारतं.

हा विषय समजून घ्यायला पुण्यातली खडकी ही फार सोयीची जागा आहे. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना, आणि त्यांच्या आधाराने वाढलेली लेथ, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंगची लहानमोठी दुकानं. इथल्या कितीतरी घरांत आजोबा फिटर, काका वाइंडर. कॉइल, चुंबक, इनॅमल वायर, अर्थिंग हे शब्द इथे जेवताना कानावर पडतात. दुसरीकडे छावणीची वस्ती असल्यामुळे लष्करी बँड आणि चर्चमधलं कॉयर यांची ओळखही जुनी, त्यामुळे पाश्चात्त्य वाद्यं इथे कधी परकी वाटली नाहीत. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप या दोन्ही गोष्टींच्या सांध्यावर बसतो. तो वाद्याचा भाग आहे आणि त्याच वेळी वाइंडिंगचं काम आहे.

ऐकणारेही इथे कमी नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये आयर्न मेडन मुंबईत बीकेसीला वाजवून गेले. २०१७ च्या एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवात गिटारिस्ट स्टीव्ह व्हाय आणि २०१९ च्या वीकेंडरमध्ये स्वीडनचा ओपेथ पुणेकरांनी घरच्या मैदानावर ऐकला. मुंबईत २००० मध्ये डेमॉनिक रिझरेक्शन आणि पुढच्या काही वर्षांत भयानक मौतसारखे बँड उभे राहिले. असा आवाज एकदा छातीवर झेलला की तो आपल्या गिटारमधून काढावासा वाटतो. आणि मग माणूस पिकअपपाशी येऊन थांबतो.

एक हंबकर उघडून पाहू

मेटलमध्ये सर्रास वापरतात तो हंबकर जातीचा पिकअप. एखादा जुना, निकामी झालेला हंबकर मिळाला तर उघडून पाहण्यासारखा असतो. मागच्या धातूच्या पट्टीचे चार बारीक स्क्रू काढले आणि काळी टेप उलगडली की शेजारी शेजारी बसवलेले दोन प्लास्टिकचे बॉबिन दिसतात. त्यांच्यावर तांबूस, रेशमासारखी चकाकणारी वायर गुंडाळलेली असते. एका बॉबिनमधून सहा स्क्रू आरपार जातात, दुसऱ्यातून लोखंडाच्या सहा गुळगुळीत खुंट्या. खाली, दोन्ही बॉबिनच्या मध्ये, साधारण सहा सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटर रुंद चुंबकाची पट्टी. बस्स, एवढंच. हलणारा एकही भाग नाही.

चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः किंचित चुंबकित होते. ती थरथरली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होतं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व, ज्यावर सायकलचा डायनॅमो चालतो तेच. म्हणून नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारवर असा पिकअप मुका राहतो.

आता ती वायर भिंगाखाली धरा. जुन्या पद्धतीच्या हंबकरमध्ये ती अमेरिकन मोजमापात ४२ गेजची असते, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर जाड, जवळपास केसाएवढी. आपल्याकडे वाइंडिंगची वायर ज्या एसडब्ल्यूजी मापाने मागतात, त्यात हिच्या सगळ्यात जवळचं माप ४६ नंबर. पंख्याची किंवा पंपाच्या मोटारीची वायर हिच्यापुढे दोरखंड वाटेल. एका बॉबिनवर तिचे सुमारे पाच हजार फेरे असतात. या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ५.४ ओहम. म्हणजे ८ किलोओहमच्या हंबकरमध्ये जवळपास दीड किलोमीटर तांबं गुंडाळलेलं असतं, तेही तुमच्या तळहातात मावणाऱ्या वस्तूत.

पन्नास हर्ट्झचा घूं आवाज

दोन बॉबिन का, याचं उत्तर आपल्या घरातल्या विजेत आहे. महावितरणची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं पूर्ण करते. भिंतीतल्या वायरिंगमधून, ट्यूबलाइटच्या चोकमधून, इन्व्हर्टरमधून, मिक्सरमधून तिचं चुंबकीय क्षेत्र खोलीभर पसरलेलं असतं. कॉइलला त्यातलं आणि तारेतलं काही वेगळं कळत नाही. दोन्हीचं व्होल्टेज ती पुढे पाठवते. एकेरी कॉइलच्या पिकअपमधला घूं आवाज तो हाच. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर असते, आणि विजेचा हा घूं आवाज ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर. म्हणजे तो बरोबर रिफच्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या त्या सुरावटीच्या, अंगणातच येऊन बसतो. स्वच्छ आवाजात तो सोसता येतो, पण मेटलचा ॲम्प बारीक आवाजाला शेकडो पटींनी मोठा करतो, आणि मग थांबलेल्या रिफच्या मधल्या शांततेतही तो घोंगावत राहतो.

गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात या दुखण्यावर इलाज होता. दोन कॉइल घ्यायच्या. त्यांचे वेढे एकमेकींच्या उलट आणि त्यांच्याकडे येणारे चुंबकाचे ध्रुवही उलट. बाहेरून आलेला घूं आवाज एका कॉइलमध्ये अधिक तर दुसरीत उणा होतो आणि बेरीज जवळपास शून्य येते. तारेच्या आवाजासाठी मात्र वेढेही उलट आणि चुंबकही उलट. दोन उलट मिळून सुलट, म्हणून तो एकत्र जमा होतो. पेटंट १९५९ मध्ये मिळालं. तोवर या पिकअपखाली 'पेटंट ॲप्लाइड फॉर' असं लेबल चिकटवलेलं असे, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून 'पीएएफ' हे नाव पडलं. त्यांचा रोध साधारण साडेसात ते नऊ किलोओहम. आजही कमी-जास्त ताकद ठरवताना याच पिकअपशी तुलना होते.

मेटलचा जन्म मध्यम ताकदीच्या पिकअपवर

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथपासून धरतात. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी हा बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा कामगार पोरगा. १९६५ मध्ये, सतराव्या वर्षी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या खडकीला ही गोष्ट कुणी वेगळी समजावून सांगायला नको.

त्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगला त्याच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बंद पडला आणि त्याने राखीव ठेवलेली गिब्सन एसजी उचलली. तिच्यावर पी-नाइन्टी पिकअप होते. पी-नाइन्टी हा १९४६ पासूनचा एकेरी कॉइलचा पिकअप, रोध आठ किलोओहमच्या आसपास. घूं आवाज करणारा, आजच्या मापाने मध्यम ताकदीचा. ज्या आवाजावरून सगळी परंपरा उभी राहिली, तो 'हाय आउटपुट' पिकअपने काढलेला नाही. जडपणा आला तो रिफमधून, त्याच्या हातातून, आणि ट्रेबल बूस्टर लावून मर्यादेपलीकडे ढकललेल्या ॲम्पमधून.

मग ताकदवान पिकअप कशासाठी आले? त्या काळच्या ॲम्पमध्ये गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, कमी होता. ॲम्पच्या पहिल्याच व्हॉल्व्हला जास्त व्होल्टेज दिलं की तो लवकर फाटायचा, म्हणजे डिस्टॉर्शन मिळायचं. लॅरी डिमार्झिओ यांनी १९७२ मध्ये नेमकं हे हेरून 'सुपर डिस्टॉर्शन' बनवला. अल्निकोऐवजी सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे, रोध १३.७ किलोओहमच्या जवळ. गिटार न बदलता फक्त पिकअप बदलायचा, ही बाजारपेठच या पिकअपने उभी केली. आयर्न मेडनच्या डेव्ह मरेने आपल्या जुन्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तोच बसवला होता. सेमूर डंकनचा 'जेबी' हा दुसरा गाजलेला पिकअप. त्याला अल्निको चुंबक आहे आणि रोध १६.४ किलोओहम. सुरुवातीला भेटलेल्या मुलाच्या डोक्यातला 'सोळा के' बहुधा इथूनच आलेला असतो.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

मल्टिमीटरने मोजलेले किलोओहम म्हणजे फक्त वायरीचा रोध. तो वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो, तसाच वायरीच्या जाडीवरही. जास्त रोधाच्या पिकअपमध्ये अनेकदा ४४ गेजची वायर वापरतात, ती ०.०५१ मिलिमीटर जाड असते, म्हणजे आपली ४७ नंबर. हिचा रोध मीटरमागे सुमारे साडेआठ ओहम. आता हिशेब करा. ८ किलोओहमच्या पिकअपमध्ये ४२ गेजची सुमारे १,४७० मीटर वायर आहे. १६ किलोओहमच्या पिकअपमध्ये ४४ गेजची सुमारे १,८८० मीटर. रोध दुप्पट झाला, वायर मात्र सव्वा पटीच्या आसपासच वाढली. ताकद वेढ्यांनी आणि चुंबकाने ठरते. वायर बारीक केल्याने मीटरवरचा आकडा फुगतो, आवाज फुगत नाही.

हा आकडा ऋतूप्रमाणेही बदलतो. तापमान एक अंशाने वाढलं की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. पुण्याच्या जानेवारीतल्या पहाटे, १५ अंशांना, ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांना ८.७ दाखवेल. आवाजात कुणालाही फरक कळणार नाही.

काही कंपन्या मिलिव्होल्टमध्येही आकडा देतात, तो जास्त कामाचा. डिमार्झिओच्या मोजणीत सुपर डिस्टॉर्शन ४२५ आणि त्यांचाच एक्सटूएन पिकअप ५१०. सौम्य पीएएफ पद्धतीचे पिकअप २५०च्या आसपास. म्हणजे सौम्य आणि कमालीचा जोरदार यांतलं अंतर दुप्पट. व्होल्टेज दुप्पट म्हणजे सहा डेसिबल. साधा बूस्ट पेडल गोल बटण फिरवून वीस डेसिबल देतो. आजच्या हाय-गेन ॲम्पमध्ये तर गेन इतका असतो की त्याचं बटण क्वचितच कुणी शेवटपर्यंत नेतं. १९७२ मध्ये सुपर डिस्टॉर्शनने भागवलेली गरज आज पिकअपकडून भागवायचं कारण उरलेलं नाही.

शिवाय जास्त वेढ्यांची किंमत मोजावी लागते, आणि ती उंच स्वरांत. वेढे वाढले की कॉइलचा इंडक्टन्स वाढतो. हा इंडक्टन्स आणि केबलची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, मिळून एका ठरावीक जागी उंचवटा तयार करतात. त्याच्या वरचे स्वर झपाट्याने गळतात. सहा मीटरच्या केबलसह एकूण धारिता ७०० पिकोफॅरड धरली, तर ४ हेन्रीच्या पीएएफ पिकअपचा उंचवटा साधारण ३,००० हर्ट्झवर येतो. ८ हेन्रीच्या जोरदार पिकअपचा २,१०० हर्ट्झवर. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यातच पिकचा तारेवर पडणारा 'टक्' असतो. तो गेला की वेगवान रिफमधला एकेक ठोका एकमेकात मिसळतो. बारीक केबल, लांब केबल, स्वस्त केबल यांनी हे आणखी बिघडतं.

जडपणा कुठे तयार होतो

पॉवर कॉर्ड एवढी जड का वाटते, हे समजलं की पिकअपकडून काय मागायचं ते आपोआप ठरतं. खालच्या ई तारेचा ८२.४ हर्ट्झचा स्वर आणि त्याचा पंचम १२३.५ हर्ट्झ, असे दोन स्वर डिस्टॉर्शनमधून गेले की ॲम्प त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वर नव्याने तयार करतो. वजाबाकी आली ४१ हर्ट्झ. हा मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली आहे, आणि तो तुम्ही वाजवलेलाच नाही! छातीवर जाणवणारा तो धक्का इथून येतो. षड्ज-पंचमाचं नातं स्वच्छ असल्यामुळे हे नवे स्वर मूळ स्वरांशी जुळतात. त्याच जागी ई आणि जी शार्प, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार, वाजवून पाहा. वजाबाकी २१ हर्ट्झच्या आसपास येते, बाकीचे नवे स्वरही आडवेतिडवे पडतात, आणि सगळा गाळ होतो.

म्हणजे जडपणा ॲम्पमध्ये घडतो आणि पिकअप त्याला कच्चा माल पुरवतो. त्या मालात खर्ज फुगलेला असेल, पिकचा ठोका बोथट असेल, तर ॲम्प तोच गाळ शंभर पटींनी मोठा करणार. अंधुक फोटो भिंतीएवढा छापला तरी अंधुकच राहतो. कित्येक मेटल गिटारिस्ट ट्यूब स्क्रीमर पेडलचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल भरपूर ठेवून ॲम्पच्या आधी लावतात, ते याचसाठी. ७२० हर्ट्झच्या खाली तो पेडल आवाज हळूहळू कमी करतो आणि ॲम्पमध्ये जाणारा खर्ज आवळला जातो.

खालच्या सुरावलीत हे आणखी महत्त्वाचं होतं. ड्रॉप डीमध्ये जाड तार ७३ हर्ट्झवर येते, आयोमीने १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर वापरलेल्या सी शार्पमध्ये ६९ वर, आणि सात तारांच्या गिटारवर खालचा बी ६१.७ वर. सात तारांची गिटार मेटलमध्ये रुळली ती १९९० च्या आयबानेझ युनिव्हर्सपासून, आणि ती घडली स्टीव्ह व्हायसाठी. इतक्या खाली उतरल्यावर पिकअपमध्ये ताकदीपेक्षा घट्ट खर्ज आणि वरच्या मधल्या पट्टीतली धार शोधावी.

अल्निको, सिरॅमिक आणि बॅटरी

चुंबकाचे मुख्य दोन प्रकार. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. त्यात २, ५, ८ अशा प्रती असतात. २ सगळ्यात मऊ, ५ भरदार, ८ जोरकस. सिरॅमिक म्हणजे फेराइट, स्पीकरच्या मागे असतं तसलं काळपट चुंबक. ते स्वस्त असतं आणि जोरदारही. सिरॅमिक पिकअपचा हल्ला सहसा टोकदार आणि खर्ज आवळलेला मिळतो, म्हणून जलद रिफसाठी ते मागितले जातात. अल्निकोत सोलो वाजवताना स्वर थोडा गोल आणि भरलेला येतो. पण वेढे, वायर आणि चुंबक मिळूनच स्वभाव ठरतो. 'सिरॅमिक म्हणजे मेटल' असं समीकरण करून खरेदी करू नये.

ॲक्टिव्ह पिकअपचा मार्ग वेगळा आहे. रॉब टर्नर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा ईएमजी ८१ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. मेटालिकाचा जेम्स हेटफिल्ड तो ब्रिजवर, म्हणजे तारांच्या बुंध्याजवळ, वापरत आला. यात कॉइलवर वेढे कमी असतात, त्यामुळे उंच स्वर टिकतात आणि गोंगाटही कमी येतो. जोर मिळतो तो पिकअपच्या आत बसवलेल्या छोट्या प्रीॲम्पमधून, ज्याला चौकोनी ९ व्होल्टचा सेल लागतो. बाहेर पडणारा सिग्नल कमी इम्पिडन्सचा असल्याने लांब केबलनेही आवाज मंद होत नाही. कंपनीच्या आकड्याप्रमाणे एका पिकअपसाठी एक सेल सुमारे ३,००० तास पुरतो, पण केबल लावलेली असेपर्यंत तो खर्च होत राहतो. वाजवून झालं की केबल काढून ठेवायची सवय लावावी. याला पॉट, म्हणजे बटणामागचे बदलते रोध, २५ किलोओहमचे लागतात. साध्या हंबकरचे ५०० किलोओहमचे पॉट तसेच ठेवले तर आवाजाचं बटण चालू-बंद केल्यासारखं वागतं. सेल बसवायला गिटारमध्ये जागा आहे का, हेही आधी पाहायला हवं. २०१४ मध्ये आलेल्या फिशमन फ्लुएन्समध्ये तर गुंडाळलेली वायरच नाही. छापील सर्किटचे थर एकावर एक रचून कॉइल केलेली आहे आणि एकाच पिकअपमध्ये दोन-तीन आवाज मिळतात.

स्वच्छ, एकसारखा, गोंगाट नसलेला आवाज हवा असेल तर ॲक्टिव्ह घ्यावा. पिक हलका-जोरात मारल्याचा फरक, आवाजाचं बटण कमी करून मिळणारा सौम्यपणा हवा असेल तर पॅसिव्ह. दोघांपैकी एक श्रेष्ठ असं काही नाही.

घरात वाजवणाऱ्यासाठी

आपल्याकडचा बहुतेक सराव स्टेजवर होत नाही. तो होतो दोन खोल्यांच्या घरात, हेडफोन लावून, लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेस जोडून. तिथे ॲम्प सॉफ्टवेअरमधला असतो आणि गेन हवा तेवढा. इथे फार जोरदार पिकअप उलट त्रास देतो. इंटरफेसच्या इनपुटवर लाल दिवा लागतो, सिग्नल सॉफ्टवेअरपर्यंत पोचण्याआधीच कापला जातो, आणि ते डिस्टॉर्शन कानाला बोचतं. इनपुट गेन पूर्ण कमी करूनही लाल दिवा जात नसेल तर पिकअप तारांपासून खाली न्यावा. अशा वापरासाठी मध्यम ताकदीचा, साधारण ९ ते १३ किलोओहमचा, घट्ट खर्जाचा पिकअप बहुधा जास्त चांगला ठरतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि ती जिवाची आहे. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून किंवा दोन पिनांचं ॲडॉप्टर लावून ॲम्प चालवायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. गिटारच्या तारा वायरीने ॲम्पच्या बॉडीशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर ती वीज थेट बोटांत येते. घूं आवाज जास्त येतो म्हणून पिकअप बदलायला निघालेल्याने आधी घरातल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी होत असेल, तर गिटारच्या आतली ग्राउंडची जोडणी शाबूत आहे. मग पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून शील्डिंग केलं तर बराच गोंगाट जातो.

पैसे कुठल्या क्रमाने खर्च करावेत

माझा आग्रह असा आहे की पिकअप सगळ्यात शेवटी बदलावा. आधी नव्या तारा लावाव्यात, सुरावली खाली असेल तर जाड गेजच्या. सैल तार कुठल्याही पिकअपवर गढूळच वाजते. मग आहे त्याच पिकअपची उंची ठीक करावी. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पिकअपच्या स्क्रूचं डोकं ते तार यांतलं अंतर मोजायचं. ब्रिजकडच्या हंबकरला दोन ते तीन मिलिमीटर ही चांगली सुरुवात. जाड तारेकडची बाजू अर्धा मिलिमीटर खाली घेतली की खर्ज लगेच आवळतो. फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो, स्वर लवकर मरतो. स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, वाजवायचं, ऐकायचं, पुन्हा अर्धा फेरा. याला फक्त स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी लागते.

त्यानंतर पॉट, कपॅसिटर आणि जॅक. ५०० किलोओहमचे पॉट आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात, सहज मिळतात. जुने पॉट खरखरत असतील, कुणी २५० किलोओहमचे बसवले असतील, तर उंच स्वर तिथेच गळत असतात. हात बसला नसेल तर सोल्डरिंग जाणकाराकडून करून घ्यावं. जास्त वेळ टेकवलेल्या सोल्डरिंग आयर्नने पॉट जळतो. एवढं करूनही आवाज मनासारखा नसेल, तर खरोखर पिकअप बदलायची वेळ आली.

घेताना पिकअप वॅक्स पॉटिंग केलेला आहे ना, हे विचारावं. कॉइलमध्ये मेण मुरवलेलं नसेल तर सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि मोठ्या गेनवर पिकअप किंचाळतो. ब्रिजवर आणि नेकवर वेगवेगळे पिकअप लागतात, कारण ब्रिजजवळ तारेचं कंपन कमी असतं; ब्रिजचा थोडा जोरदार, नेकचा सौम्य, अशी जोडी घ्यावी. सात तारांच्या गिटारला त्याच मापाचा पिकअप हवा. आणि विक्रेत्याला किलोओहम विचारण्याआधी चुंबक, मिलिव्होल्ट आणि शक्य असेल तर इंडक्टन्स विचारावा.

परीक्षा मात्र कानाने करायची. दुकानात पिकअप बसवलेली गिटार मिळाली तर गेन आपल्या नेहमीच्या जागेपेक्षा थोडा कमी ठेवा. उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर टेकवून जाड तारेवर पाम म्यूटचे सोळा ठोके सलग मारा, आधी सावकाश, मग तुमच्या सगळ्यात वेगवान रिफच्या लयीत. प्रत्येक ठोका सुटा मोजता येतो का ते ऐका. मग पूर्ण पॉवर कॉर्ड मारून तारा एकदम बंद करा. आवाज चाकूने कापल्यासारखा थांबतो की मागे घूं घूं रेंगाळते, ते पाहा. शेवटी गेन पूर्ण काढून तीच कॉर्ड स्वच्छ आवाजात वाजवा. तिच्यातले सगळे स्वर वेगळे ऐकू आले तर तो पिकअप घ्या, मग त्याचा आकडा आठ असो की सोळा.